चाऽ, शूऽ, मेन्

रविवार, रात्र

तेत्सुया चिबांची 'आशिता तेन्की नि नाआरे' परत वाचायला घेतली आहे. 58 खंडांची गोल्फची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. 1980चं जवळजवळ सगळं दशक ती जपानच्या 'शोनेन मॅगझिन' साप्ताहिकात चालली. नावाचा अर्थ साधारण 'उद्या ऊन पडू दे'. जपानी पोरं पायातली चप्पल हवेत भिरकावताना हे म्हणतात. चप्पल सुलट पडली की उद्या ऊन, उलटी पडली की पाऊस. नायकाचं नावही तायो, म्हणजे सूर्यच. चिबांचं नाव निघालं की लोकांना बॉक्सिंगची 'आशिता नो जो' आठवते आणि ते रास्तच आहे. पण त्यांच्या हातून खेळाडूंना जे सर्वात उपयोगी मिळालं ते या गोल्फच्या मांगेत आहे, असं माझं मत पक्कं होत चाललंय. ते आहे फक्त तीन अक्षरांचं: चाऽ, शूऽ, मेन्.

तायो स्विंग करताना, म्हणजे चेंडू मारायला क्लब (गोल्फची काठी) फिरवताना, हे मोजतो. चाशूमेन म्हणजे डुकराच्या मांसाचे काप वर मांडलेलं रामेन, शेवयांचं जपानी सूप. चाऽ म्हणताना क्लब मागे निघतो, शूऽ संपताना वर माथ्यावर पोचतो, मेन्‌ला खाली येऊन चेंडूला लागतो. जपानमध्ये मांगा न वाचलेल्या गोल्फरांनाही ही मोजणी ठाऊक असते. पोरांना आवडेल असा खाण्याचा शब्द, एवढंच समजून ती सोडून दिली तर तिची खरी किंमत कळत नाही. ती नीट मोजली की बरोबर निघते.

चांगल्या व्यावसायिक खेळाडूंचा बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) आणि डाउनस्विंग (तो खाली चेंडूवर आणणं) यांच्या वेळेचं प्रमाण 3 ला 1 च्या आसपास असतं. सेकंदाला 30 चित्रं घेणाऱ्या व्हिडिओत पाहिलं तर क्लब हलल्यापासून माथ्यापर्यंत 24 चित्रं आणि माथ्यापासून चेंडूपर्यंत 8. कुणाचं 21 आणि 7, कुणाचं 27 आणि 9. म्हणजे वर जायला साधारण 0.8 सेकंद, खाली यायला 0.27. खेळाडू संथ असो की चपळ, हे प्रमाण फारसं ढळत नाही.

आता शाळेतलं वृत्त आठवायचं. चाऽ गुरू, शूऽ गुरू, मेन् जोडून म्हटला की तोही गुरू. तीन गुरू, सहा मात्रा. 'यमाताराजभानसलगं'मधला 'मातारा', म्हणजे म-गण. जपानी लोकही यात सहाच मात्रा मोजतात, कारण त्यांच्याकडे शेवटचा न् स्वतंत्र मात्रा धरतात. बॅकस्विंगला चाऽ आणि शूऽच्या मिळून चार मात्रा. 0.8 सेकंदाला चारने भागलं की एक मात्रा 0.2 सेकंदाची. मग डाउनस्विंगच्या 0.27 सेकंदात किती मात्रा बसतात? सव्वापेक्षा किंचित जास्त. म्हणजे क्लब चेंडूला लागतो तो 'मे' संपून 'न्' सुरू झाल्यावर. तबल्याच्या भाषेत सम तिथे आहे. 'मे'च्या सुरुवातीला नाही.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. तीन टाळ्या वाजवाव्यात तशी तीन अक्षरं सारख्या अंतरावर ठेवतात: चा म्हणताना सुरुवात, शू सुरू होतानाच माथा, मे म्हणताना चेंडू. हिशोब केला तर हे 1 ला 1 होतं. मग एक तर क्लब मागे हिसका मारल्यासारखा ओढला जातो किंवा खाली येताना हात ढिले पडतात. दुसरी चूक शूऽ आखडण्याची. 'चाऽशु-मेन्' असं म्हटलं की खांदे पुरते वळलेले नसतात, वजन मागच्या पायावर बसलेलं नसतं आणि हातच आधी खाली धावतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब मग बाहेरून आत येतो, चेंडूला आडवा घासतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. स्लाइस म्हणतात तो हाच. लोक त्यासाठी पकड बदलतात, उभं राहणं बदलतात, नवा ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) घेतात. पुष्कळदा एक मात्रा कमी पडलेली असते, एवढंच.

तिसरी चूक तोंडाची. जोरात ओरडलं की जबडा आवळतो, जबड्यापाठोपाठ मान आणि मानेपाठोपाठ मनगटं. ओठांत पुटपुटायचं, श्वास सोडत.

सराव कसा बांधायचा तेही लिहून ठेवते. हातात सेव्हन आयर्न (मध्यम लांबीचा क्लब) घ्यायचा, ड्रायव्हर नको. आधी चेंडूशिवाय दहा वेळा, क्लब कमरेच्या उंचीपर्यंतच नेऊन. मात्रा बसल्या की खांद्याच्या उंचीपर्यंत दहा वेळा. मगच बुटक्या टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) चेंडू ठेवायचा. तो कुठे गेला हे पहिल्या वीस फटक्यांत बघायचं नाही, फक्त मोजणी ऐकायची. फोनवर सेकंदाला 240 चित्रांचं स्लो-मोशन असेल तर बाजूला उभा करून टिपायचं. 0.8 सेकंदाची 192 चित्रं आणि 0.27ची 64 च्या जवळपास. 192 च्या जागी 170 किंवा 210 आले तरी हरकत नाही, त्याचा तिसरा हिस्सा खाली मिळतोय का ते पाहायचं. ड्रायव्हर हातात आला की पोरं शूऽ लांबवतात, क्लब लांब म्हणून. त्याची गरज नसते. वेळ जवळपास तीच राहते, क्लबचं टोक तेवढं जास्त वेगाने फिरतं.

चित्रकाराची बाजू मला याहून अवघड वाटते. चेंडू आणि क्लब एकमेकांना लागलेले असतात ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरते. त्याआधी खेळाडू मिनिटभर नुसता उभा असतो. कागदावर दोन्ही थिजलेलीच, मग फरक दाखवायचा कसा? जपानी लिपीत स्वर लांबवायला एक सरळ रेघ असते. मजकूर उभा लिहिला की ती रेघही उभी होते आणि चित्रकाराला हवी तितकी ताणता येते. 'चा'खालची रेघ लांब काढली की वाचणाऱ्याचा डोळा तेवढा वेळ खाली घसरत राहतो. 'मेन्'ला अशी रेघ नाही, ते आखूड आणि ठोस आहे. म्हणजे अक्षरांचा आकारच स्विंगचा वेग सांगतो. देवनागरीत आपल्याकडे अवग्रह आहे, पण तो ताणता येत नाही, त्यामुळे मराठीत उतरवताना हा भाग हातातून निसटतो.

त्या काळच्या गोल्फमधली एक समजूत मात्र आता दुरुस्त करून वाचावी. तेव्हा शिकवत की चेंडू निघतो क्लबच्या मार्गाच्या दिशेने आणि मग फेसच्या (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूच्या) दिशेला वळतो. रडारने मोजायला लागल्यावर उलटं निघालं. चेंडू सुटतो तो मुख्यतः फेस जिकडे बघत असतो तिकडे, आणि वळतो तो मार्ग आणि फेस यांतल्या फरकामुळे. तेव्हाच्या वर्णनाप्रमाणे चूक शोधत बसलं तर भलतीच गोष्ट दुरुस्त केली जाते.

फुजिको ए. फुजिओंची 'प्रो गोल्फर सारू' याच्याही आधीची, 1974 पासूनची. हेच निंजा हातोरीचे कर्ते, म्हणजे आपल्या घरातल्या मुलांच्या ओळखीचे. सारू स्वतः कोरलेल्या लाकडी क्लबने खेळतो आणि त्याचा गाजलेला फटका म्हणजे चेंडू भोकावरच्या झेंड्याच्या कापडात गुंडाळून थेट खाली पाडायचा. नियमाने यात काहीच गैर नाही. ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या) बाहेरून मारलेला चेंडू झेंड्याला लागून भोकात पडला तर तो पडलाच. अडचण मापाची आहे. झेंड्याचं कापड साधारण अर्धा मीटर लांब, आणि भोक 108 मिलिमीटरचं. काठी मधोमध. म्हणजे चेंडू कापडाला काठीपासून पाचेक सेंटिमीटरच्या आतच लागून थांबला पाहिजे. कापडाच्या मोकळ्या टोकाला लागला तर तो भोकापासून हातभर लांब पडणार. शिवाय वारा नसेल तर कापड काठीला चिकटून लोंबतं, आणि तेव्हाच हा फटका सोपा होतो. फटका अद्भुत आहे, पण मापं सांभाळून रचलेला आहे. म्हणूनच तो खोटा वाटत नाही.

'ओई! तोन्बो' या आणखी एका गोल्फच्या मांगेवर वेगळं लिहायला हवं. कागोशिमाजवळच्या तोकारा बेटांवरची मुलगी, हातात एकच क्लब, थ्री आयर्न. त्याचा फेस जेमतेम 20 अंश कललेला, वाळूतून चेंडू उचलायला अगदीच निकामी. पण क्लब धरण्याआधी फेस उघडा फिरवून घेतला, मग पकड घेतली आणि चेंडूच्या दोन बोटं मागे वाळूत शिरलं, तर तोच क्लब चेंडू वर काढतो. आधी पकडून मग मनगट वळवलं तर चेंडूवर येईपर्यंत फेस परत बंद होतो, हे ध्यानात ठेवायचं. कथा वाढवून सांगितल्यासारखी वाटेल, पण स्पेनचा नामवंत गोल्फर सेव्हे बायेस्तेरोस लहानपणी पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर एका थ्री आयर्ननेच शिकला होता.

परत चाशूमेनकडे. पटरसाठी (ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलायच्या क्लबसाठी) ही मोजणी वापरू नये. तिथे प्रमाण 2 ला 1 च्या जवळ येतं आणि सहा मात्रा जास्त होतात. पूर्ण स्विंगला मात्र शेवटचा न् तोडायचा नाही. चेंडू सुटल्यावरही तो नाकात घुमत ठेवायचा, छाती लक्ष्याकडे वळेपर्यंत आणि मागच्या पायाची टाच जमिनीवरून सुटेपर्यंत. न् मध्येच थांबला की हातही तिथेच थांबतात.