जुनी स्कूटर, नोंद ४ : रेड ऑक्साइडला रजा

मागच्या नोंदीत साइड कव्हर ‘झालं’ असं लिहून बसलो होतो. झालं नव्हतं. पीयू (पॉलियुरेथेन) रंग सुकता सुकता भाजलेल्या पापडासारखा सुरकुतला. घरच्या गेटसाठी आणलेला रेड ऑक्साइड, म्हणजे रंगाखाली मारायचा तांबडा तेलाचा प्रायमर, उरला होता, खाली तोच मारला होता. उद्यमनगरातल्या पेंटरमामांनी कव्हरवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "तेलाच्या प्रायमरवर पीयू मारलास व्हय? उचलणारच की त्यो."

गेटला, ग्रिलला, वर ऑइलपेंट असेल तर रेड ऑक्साइड चालतोच. पण पीयू किंवा एनसीचा (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर जहाल, तो खालचा थर फुगवतो. म्हणजे गंजाआधी वरचा रंग कुठला, ते ठरवायला हवं होतं. दुकानदारानं झिंक क्रोमेट प्रायमरचा पिवळा डबा पुढे केला. पत्र्याला चांगला, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. ती धूळ परड्यात उडवायची माझी छाती नाही. शेवटी झिंक फॉस्फेटवाला एपॉक्सी प्रायमर घेतला, त्यात मिसळून तो कडक करणाऱ्या हार्डनरचा डबा वेगळा. महाग पडला, पण असो.

सगळा जीव खाल्ला तो पायाखालच्या पत्र्यानं. मॅटखाली पाणी साचून खड्डे पडलेले. ग्राइंडरला कप ब्रश लावून, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर मारून पत्रा पांढरा केला, तरी खड्ड्यांच्या तळाशी काळं राहिलंच. तेवढ्यावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर लावलं, घासलं, भरपूर पाण्यानं धुतलं. आम्ल मागे राहिलं तर एपॉक्सी नीट धरत नाही. धुतल्यावर लगेच बायकोच्या हेअर ड्रायरनं सुकवलं (परवानगी नंतर घेतली), कारण ओल्या उघड्या पत्र्यावर बघता बघता तांबूस झाक चढते.

त्यात मे महिना. रोज संध्याकाळी वळीव. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर हात मारायचा नाही, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन बसतं) किमान ३ अंश गरम हवा. म्हणून सकाळी अकराला, ऊन तापल्यावर, थिनरनं पुसून पहिला हात मारला. हार्डनर मिसळल्यावर डब्यावर लिहिलेली २० मिनिटं थांबलो. मागे ही थांबायची गोष्ट मी सरळ उडवायचो.

दुसरा हात डब्यावर दिलेल्या मुदतीत बसला. चाकावरच्या बाजूला मात्र मुदत टळली, तिथं आता १८० नंबरनं खरवडून मगच पुढचा थर. साइड कव्हर पत्र्यापर्यंत उतरवायचं आहे ते वेगळंच.