पद्मिनीचं तेल आणि सोसायटीचे पेव्हर ब्लॉक

सोसायटीत नवे पेव्हर ब्लॉक बसले आणि माझ्या गाडीची अब्रू गेली. आधी पार्किंगमध्ये डांबर होतं. काळ्यावर काळं, तेल सांडलं काय नि न सांडलं काय, कोण बघतंय! नवे ब्लॉक मात्र लाल-पिवळे. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढली तर खाली भाकरीएवढा डाग, आणि डागाशेजारी हात मागे बांधून सेक्रेटरी काका. "तुमचीच ना ही?" एवढंच म्हणाले. संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला: ज्यांच्या वाहनांतून तेल गळते त्यांनी तातडीने दुरुस्ती करून घ्यावी. 'ज्यांच्या' असं आदरार्थी अनेकवचन असलं तरी अख्ख्या इमारतीत तेल गळणारी गाडी एकच.

गाडी म्हणजे 1984 ची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी नंबर लावला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, गाडी दारात आली तेव्हा मी चालायला लागलो होतो. मूळची ही फियाट 1100. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं नाव बदलून पद्मिनी केलं, पण आमच्या घरात ती आजही 'फियाट'च. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. बोनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूने खालचा रस्ता दिसतो, इतकी ऐसपैस जागा. म्हणूनच मला वाटलं होतं, गळती शोधायला कितीसा वेळ लागणार?

चार महिने लागले.

तेल नुसतं खाली पडत नव्हतं. सिग्नलला उभं राहिलं की आत जळका वास यायचा, कढईत तेल जास्त तापल्यावर येतो तसा. पंधरा दिवसांनी गेजची काडी ओढून बघावी तर तेल निम्म्यावर. आधी पार्ल्यातल्याच एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या मुलाने गाडी लिफ्टवर चढवली, खालून टॉर्च मारला आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावर लोंबणारा थेंब दाखवला. "मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवायला लागेल." बत्तीस हजार आणि दहा दिवस. मी म्हटलं, आधी एकदा धुऊन बघू या का, कुठून येतंय ते? त्यावर, "साहेब, रोजचं काम आहे आमचं."

मी गाडी परत आणली. शहाणपण वगैरे काही नाही. जून महिना होता, मुलीच्या शाळेची फी भरायची होती.

मग मीच पाना हातात घेतला. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर (हेडवर) बसणाऱ्या पत्र्याच्या झाकणाच्या, कडा ओल्या दिसत होत्या, म्हणून कॉर्कचं नवं पॅकिंग आणलं. त्याला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन फासलं, केकवर क्रीम लावावं तसं, आणि दात-ओठ खाऊन नट आवळले. दोन दिवस खालची फरशी कोरडी. मी सेक्रेटरी काकांकडे बघून हसलोसुद्धा. तिसऱ्या दिवशी सायनच्या पुलावर पुन्हा तोच वास, आणि घरी आल्यावर डाग आधीपेक्षा मोठा.

शेवटी आईने आठवण करून दिली, "अरे, बाबांच्या मिस्त्रींना विचार की!"

मिस्त्री लालबागचे. चाळीसेक वर्षं टॅक्सीवाल्यांच्या पद्मिनी दुरुस्त केल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेली. त्यानंतर मिस्त्रींनीही गल्लीतलं बाकडं आवरलं. हात मात्र अजून काळे आहेत, नखांच्या कडांतून ते आता निघायचे नाहीत. फोनवर मी टॅपेट कव्हरपासून बत्तीस हजारांपर्यंत सगळी कर्मकथा ऐकवली. ते म्हणाले, "आधी धू. धुतल्याशिवाय मी बघायला येणार नाही."

एक अख्खा रविवार त्यात गेला. डिस्ट्रिब्युटरला आणि कार्बोरेटरला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. डिझेल, जुना रंगाचा ब्रश आणि लाकडाची चपटी पट्टी घेऊन बसलो. तेल आणि रस्त्याची धूळ मिळून जो थर झाला होता तो खरवडताना पापुद्रे निघत होते. त्याखालून इंजिनाचा नंबर वर आला. तो एवढी वर्षं मी फक्त आरसी बुकात वाचला होता.

पुढच्या रविवारी मिस्त्री आले, सगळीकडून इंजिन बघितलं आणि म्हणाले, "पावडर आण."

आई देवघरातून रांगोळीचा डबा घेऊन आली. मिस्त्रींनी हात जोडले. "वहिनी, हे दगडाचं पीठ आहे, इंजिनाजवळ नको. तोंडाला लावायची पावडर द्या." मग मुलीची टाल्कम पावडर आली. कोरड्या झालेल्या इंजिनावर त्यांनी ती चिमटीने भुरभुरवली. टॅपेट कव्हरखाली, हेडच्या सांध्यावर, पेट्रोल पंपाभोवती, चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याच्या कडेने, मागे गिअरबॉक्सच्या घंटेवर, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या त्याच्या रुंद तोंडावर. गाडी अनंत चतुर्दशीचा गुलाल उडाल्यासारखी दिसायला लागली, फक्त गुलाल पांढरा. "जा, वांद्र्यापर्यंत जाऊन ये. पळवू नकोस."

परत आल्यावर बोनेट उघडलं, इंजिन तसंच थोडा वेळ चालू ठेवलं, मग बंद केलं आणि मिस्त्रींनी टॉर्च माझ्या हातात दिला. "तूच बघ."

आधी काही दिसेना. मग टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, काचेकडच्या बाजूला, जिथे वाकल्याशिवाय नजर पोचत नाही तिथे, पावडरमध्ये तपकिरी रेघ दिसली. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक. टॉर्च रेघेबरोबर सरकवत गेलो. ती हेडच्या पाठीवरून उतरली, ब्लॉकच्या सांध्यावर थोडी आडवी गेली, पुन्हा खाली वळली आणि गिअरबॉक्सच्या घंटेवरून वळसा घालून बरोब्बर तिथे जाऊन थांबली, जिथे वर्कशॉपच्या मुलाने मला थेंब दाखवला होता. मागच्या सीलच्या आसपास पावडर पांढरीशुभ्र.

"तेल खाली वाहतं, आणि पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो," मिस्त्री म्हणाले. "थेंब दिसेल तिथे सील बदलत बसलास तर गाडी विकायची वेळ येईल."

हे मला खरं तर सुचायला हवं होतं. आमच्या बेडरूमच्या छताला ओल येते तिचा पाइप वरच्याच्याही वर फुटला होता, आणि ते शोधायला सोसायटीला दोन पावसाळे लागले होते.

आणखी दोन रेघा सापडल्या. एक पेट्रोल पंप ब्लॉकला जिथे बसतो त्या सांध्यातून, फिकट. दुसरी चेंबरच्या ड्रेन नटाखाली. पण मिस्त्रींचं लक्ष भलतीकडेच होतं. त्यांनी इंजिन पुन्हा सुरू करायला लावलं, तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि त्यावर तळहात धरला. मग माझा हात ओढून तिथे ठेवला. आतून फुंकर येत होती. हलकी नाही, चांगली जोरदार, धपापत.

"ब्रीदर बघितलास का कधी?"

मी ब्रीदर हा शब्द फक्त ऐकला होता. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा गॅस कायम खाली चेंबरमध्ये उतरत असतो, नव्या इंजिनातही, जुन्यात जास्त. त्याला बाहेर पडायला ठेवलेली वाट म्हणजे ब्रीदर. मिस्त्रींनी ती नळी काढून माझ्यासमोर धरली आणि आत तार घातली. तारेला जे लागून आलं ते जळलेल्या सायीसारखं, वर काळं आणि आत पिवळट. गाडी रविवारी तेवढी निघते, तीही पार्ल्याहून दादरपर्यंत. इंजिन नीट तापतच नाही, आतली वाफ उडून जात नाही, तेलात मिसळते आणि हा असा लगदा होतो.

"कुकरची शिट्टी बुजली तर वाफ कुठून जाईल?"

"झाकणाच्या रबरी रिंगमधून."

"मग? तू रिंग बदलत बसला होतास."

माझ्या सिलिकॉनच्या क्रीमबद्दल ते काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कव्हर काढल्यावर आतल्या बाजूला सिलिकॉनचे शेवयांसारखे धागे लोंबत होते. त्यातला एक तुटून तेलाच्या पंपाच्या जाळीत बसला असता तर बत्तीस हजारांत इंजिन सुटलं नसतं. हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून त्यावरचं जुनं पॅकिंग ब्लेडने न काढता लाकडी पट्टीने आणि चिंधीने काढायला लावलं. ब्लेडची एक खोल रेघसुद्धा तेलाला वाट देते म्हणे.

कव्हर आम्ही स्वयंपाकघरात नेलं. घरात सगळ्यात सपाट गोष्ट कडप्प्याचा ओटा. त्यावर कव्हर पालथं घातलं, आतून टॉर्च लावला, दिवे मालवले. नटांच्या भोकांजवळ पत्रा खाली दबला होता आणि दोन भोकांच्या मधून उजेडाची फट दिसत होती. मागच्या कोपऱ्यात सगळ्यात रुंद. ही माझ्या दात-ओठ खाण्याची कमाई. मिस्त्रींनी कडा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून छोट्या हातोडीने टकटक करत सपाट केल्या. पाच-सहा वेळा ओट्यावर फेऱ्या झाल्या. शेवटी फट गेली. बायको दारात उभी होती. "ओटा पुसून घ्या," एवढंच बोलली.

पॅकिंगसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. कुर्ल्यात प्रीमियर रोड अजून आहे, पण जिथे या गाड्या बनत त्या कारखान्याच्या जागेवर आता टॉवर आहेत. तिसऱ्या दुकानात कॉर्कचं जुन्या स्टॉकमधलं पॅकिंग मिळालं, पोह्याच्या पापडासारखं कडक. मिस्त्रींनी ते पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बुडवलं तसं नरम पडलं आणि कडेला बरोबर बसायला लागलं. पुसून कोरडं केलं. कव्हरच्या बाजूला सिलिकॉनचा हात फिरवल्याइतकाच पातळ थर, तोही पॅकिंग सरकू नये म्हणून. हेडच्या बाजूला काहीच नाही. नट आवळताना मला सांगितलं, "पाना बोटांत धर, मुठीत नाही." समोरासमोरचे नट थोडे थोडे, आळीपाळीने. इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा नखभर.

पेट्रोल पंपाचं पॅकिंग घरीच कापलं. नागदेवी स्ट्रीटवरून ऑइल पेपर आणला, पंपाच्या तोंडावर ठेवला आणि कडेने हातोडीच्या गोल डोक्याने हलके ठोके देत गेलो. कागद धारेवर आपोआप कापला जातो, भोकंही तशीच पडतात. मला वाटलं, जाड कागद घेतला तर जास्त टिकेल. मिस्त्रींनी जुना नि नवा कागद चिमटीत धरून जाडी ताडून बघितली. पंपाचा दांडा आतल्या कॅमवर टेकतो, कागद जाड झाला तर दांडा दूर जातो आणि पंप पेट्रोल कमी ओढतो.

ड्रेन नटाचा तांब्याचा वायसर तर फुकटात सुटला. वर्षानुवर्षं दाबून तो कडक झाला होता. सांडशीत धरून गॅसवर लालभडक होईपर्यंत तापवला आणि पाण्यात टाकला, चर्र झालं आणि तांबं पुन्हा मऊ. "नवा आणला असता तर दहा रुपये गेले असते," मी म्हटलं. "आणि बांद्रा-कुर्ल्याच्या ट्रॅफिकमध्ये एक दुपार," ते म्हणाले.

तेल 20 डब्ल्यू 50 भरलं. सगळा खर्च तेवीसशे रुपये, त्यातले निम्म्याहून जास्त तेलाचेच. मिस्त्रींनी पैसे घ्यायला नकार दिला, आईने डब्यात बेसनाचे लाडू आणि डब्याखाली पाकीट दिलं, ते त्यांना घरी गेल्यावर सापडलं असणार. जुनं तेल ओळखीच्या गॅरेजमध्ये नेऊन दिलं. पेव्हर ब्लॉकवर लाकडाचा भुसा आणि धुण्याची पावडर घालून दोनदा घासलं. डाग फिकटला, गेला नाही. आता तो तेलाचा कमी आणि बिस्किटाचा जास्त वाटतो.

तेव्हापासून रोज गाडीखाली पुठ्ठा सरकवतो आणि त्यावर पेनाने तारीख घालतो. पहिले अकरा दिवस पुठ्ठा कोरा होता. आतला वास गेला, गेजच्या काडीवर तेल जिथल्या तिथे. बाराव्या दिवशी एक थेंब पडला, पण मागे नाही, पुढे रेडिएटरच्या बाजूला. पुन्हा पावडर भुरभुरवली, वांद्र्याला जाऊन आलो, रेघेचा फोटो काढून मिस्त्रींना पाठवला.

उत्तर आलं: "टायमिंग कव्हर. गणपतीनंतर बघू. तोवर नट आवळू नकोस."