सीटचं नाक आणि बधिर बोटं

सायकल माझ्याकडे आली ती हॅन्डलसाठी. अर्ध्या तासात करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, तेव्हा हॅन्डल उंच करून द्या, असं सायकल घेऊन आलेल्या गृहस्थांचं म्हणणं होतं. जाड ग्रिप आणि जेलचे हातमोजे वापरून झाले होते.

हॅन्डलला हात लावण्याआधी मी सायकल सपाट फरशीवर उभी केली, सीटवर सरळ फळी आडवी टाकली आणि फळीवर पाणसळ, म्हणजे बुडबुड्याने सपाटपणा दाखवणारी पट्टी, ठेवली. सीट मधे खोलगट असते, त्यामुळे नुसती पाणसळ ठेवली तर चुकीचा कोन दिसतो. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, ६ अंश खाली होतं. २७ सेंटीमीटरच्या सीटवर १ अंश म्हणजे दोन टोकांत जवळपास ५ मिलिमीटर. इथे फरक २८ भरला. एवढ्या उतारावर माणूस सतत पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. तळव्यातून करंगळीकडे जाणारी नस त्यात दबते.

नाक खाली का केलंत, असं विचारलं. पुढून टोचत होतं म्हणून, हे उत्तर आलं आणि सगळा उलगडा झाला. त्यांना सायकलवर बसवून मागून पाहिलं, तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे डुलत होती. पेडल पूर्ण खाली असताना पाय सरळ केला तरी टाच त्यावर टेकत नव्हती. सीट उंच होती, टोचण्याचं मूळ तिथे होतं. कोनाला हात लावण्याआधी उंची तपासायला हवी, कारण उंची चुकलेली असताना कुठलाच कोन सुखाचा होत नाही.

सीट १२ मिलिमीटर खाली घेतली. सीटचा दांडा तिरका असल्याने ती तीनेक मिलिमीटर पुढेही आली. तेवढी सीटखालच्या रुळांवर मागे सरकवली. मग कोन. सीट दांड्यावर धरून ठेवणारा क्लॅम्प एका बोल्टचा, आतले दाते झिजून गोल झालेले. असे दाते खड्ड्यात गचका बसला की एक घर सरकतात आणि नाक आपोआप खाली जातं. बोल्ट आणखी आवळून ते थांबत नाही, उलट आटे जातात. म्हणून दोन बोल्टांचा दांडा बसवला. त्यात मागचा बोल्ट अर्धा फेरा सैल आणि पुढचा तेवढाच घट्ट केला की नाक किंचित खाली येतं. दात्यांच्या घरांत अडकावं लागत नाही. ग्रीस फक्त आट्यांना लावलं. शेवटी दोन्ही बोल्ट आळीपाळीने, क्लॅम्पवर कोरलेल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळले.

सीट आधी अगदी सपाट ठेवली. आठवड्याने ते पुन्हा आले. बोटं ठीक होती, फक्त वाकून चालवताना पुढे थोडा दाब जाणवत होता. नाक १ अंश खाली घेतलं आणि क्लॅम्पपाशी रुळावर रंगाची बारीक रेघ मारून दिली, म्हणजे सीट सरकली तर लगेच दिसेल. हॅन्डल होतं तिथेच आहे.