मेसेन: हजार वस्तीचं शहर

बेल्जियममधल्या ईपर शहराच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर मेसेन. वस्ती जेमतेम हजार, क्षेत्रफळ साडेतीन चौरस किलोमीटर, पण दर्जा शहराचा! देशातलं सगळ्यात छोटं शहर. चौकातून निघालो की पाच-दहा मिनिटांत आपण शेतात.

गाव टेकडीवर आहे म्हणतात. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हसूच येईल. पण फ्लँडर्सच्या, म्हणजे बेल्जियमच्या या उत्तरेकडच्या भागाच्या, सपाटीत एवढा चढही पुरतो. वर उभं राहिलं की खालचं डूव्ह नदीचं खोरं मोकळं दिसतं. या चढापायीच पहिल्या महायुद्धात गाव चार वेळा या हातातून त्या हातात गेलं आणि भुईसपाट झालं. आज दिसणारी घरं नंतरची. जुनं उरलंय ते सेंट निकोलस चर्चखालचं अकराव्या शतकातलं तळघर. फ्रान्सची राजकन्या आणि फ्लँडर्सची काउंटेस आडेला हिने इथे मठ वसवला. 1079 मध्ये ती इथेच पुरली गेली. ठेंगण्या कमानी, गार दगड. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला.

7 जून 1917 च्या पहाटे 3:10 ला ब्रिटिशांनी जर्मनांच्या ताब्यातल्या या टेकडीच्या रांगेखाली पेरलेले 19 सुरुंग एकदम उडवले. गाव घेतलं ते न्यूझीलंडच्या सैनिकांनी. त्यांची स्मारकं इथे आहेत. काही सुरुंग मात्र उडालेच नाहीत. त्यातला एक 1955 मध्ये वीज पडून फुटला. मेली फक्त एक गाय. आणखी एक गावाबाहेरच्या शेताखाली आजही आहे, आणि वर शेती चालू आहे. कमाल आहे बुवा या लोकांची!

जवळच आयरिश शांती उद्यानाचा उंच गोल मनोरा आहे. फोटो सगळे त्याचेच काढतात. आपल्याला मात्र ऑक्टोबर 1914 आठवायला हवा. तेव्हा मेसेनच्या आघाडीवर 57 वी वाइल्ड्स रायफल्स ही हिंदुस्थानी पलटण लढत होती: शीख, डोग्रा, पठाण, पंजाबी मुसलमान. फ्रान्समधल्या मार्सेल बंदरात उतरून जेमतेम महिना झाला होता. पुढ्यात युरोपातला हिवाळा. ज्यांची प्रेतंही सापडली नाहीत, अशा अनेक हिंदी शिपायांची नावं ईपरच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीवर कोरली आहेत. तिथे रोज रात्री आठला बिगूल वाजतो. मेसेनहून परतीची बस त्या बेताने पकडा. आधी वेळापत्रक बघून ठेवा.