कोहिमा : टेनिस कोर्ट पाहून परतू नका, हार्मन तिथे पडला नव्हता

दुसऱ्या महायुद्धात, १९४४मध्ये, कोहिमाच्या टेकड्यांवर ब्रिटिश-भारतीय फौज आणि जपानी यांची लढाई झाली. त्यातली गाजलेली झुंज एका टेनिस कोर्टावर झाली, ते आज युद्धस्मशानभूमीत आहे. हार्मन हा याच लढाईत पडलेला ब्रिटिश सैनिक, ज्याला ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक व्हिक्टोरिया क्रॉस मिळालं. त्याच्याकडे वळण्याआधी रस्त्याचं सांगतो. दिमापूर ते कोहिमा हे ७४ किलोमीटर 'दोन तासांत आरामात' होतात असं कुणी सांगितलं, तर साफ दुर्लक्ष करा. चुमौकेदिमा मागे पडलं की घाट लागतो. रस्ता रुंद करायला डोंगर उभा कापलाय आणि वरच्या बाजूला सुटी माती अन् दगड लटकलेत. जुलै २०२३मध्ये याच पट्ट्यात वरून आलेल्या दगडांनी गाड्या चिरडल्या होत्या. आमची गाडी तिथे अडकली ती अडकलीच. पुढे जेसीबी, मागे ट्रकांची रांग, नाकातोंडात धूळ. पावसाळ्यात हा रस्ता धरूच नका, अगदी स्पष्ट सांगतो.

त्यावर ड्रायव्हरने कडी केली. पूर्ण गाडी ठरवून घेतली होती, पण शहराच्या तोंडाशीच त्याने सामान खाली काढलं. 'कोहिमा आलं', वर जायचं तर वेगळे पैसे! तेव्हा भाडं ठरवताना उतरायची जागा नाव घेऊन बोला. त्यापेक्षा शेअर सुमो बरी. नागालँडमध्ये शिरायचा परवाना, म्हणजे इनर लाइन परमिट, घरूनच ऑनलाइन काढा.

खरा राग मात्र पुढचा आहे. युद्धस्मशानभूमीत भेटलेल्या माणसाने टेनिस कोर्टाच्या पांढऱ्या रेषांकडे बोट दाखवून 'हार्मन इथेच मेला' असं ठोकून दिलं आणि वर पैसे मागितले. हे धादांत खोटं आहे. टेनिस कोर्टाची लढाई खरी आणि भयंकरच, पण हार्मनची डी कंपनी टेकड्यांच्या रांगेच्या दक्षिण टोकाकडे, जेल हिलसमोरच्या डीआयएस (डेली इश्यू स्टोअर, रोजच्या शिध्याचं कोठार) टेकडीवर होती.

जॉन पेनिंग्टन हार्मन, लान्स कॉर्पोरल, चौथी रॉयल वेस्ट केंट बटालियन. बापाने १९२५ साली लंडी नावाचं अख्खं बेट विकत घेतलेलं, पण पोरगा साध्या शिपायांतच राहिला. मधमाश्यांचा नाद होता. ५ एप्रिल १९४४ला ही बटालियन कोहिमात शिरली तेव्हा तिच्यात साडेचारशेच्या आसपास माणसं होती आणि समोर जपानची अख्खी ३१वी डिव्हिजन. पाण्याच्या वाटा तुटल्या, माणशी अर्धा पाइंट (पाव लिटरच्या थोडं वर) पाणी मिळायचं.

८ तारखेला रात्रीच्या आडोशाने जपान्यांनी त्याच्या तुकडीपासून पन्नास यार्डांच्या आत मशीनगन आणून बसवली. तुकडीचा मारा तिथे पोचेना. हार्मन एकटाच पुढे गेला. चार सेकंदांचा ग्रेनेड, तरफ सोडल्यावर निदान दोन सेकंद त्याने हातातच धरून ठेवला. फेकल्या फेकल्या फुटला पाहिजे, समोरच्याला उचलून परत भिरकावायची सवड मिळता कामा नये. मग तीच मशीनगन उचलून तो परत आला. दुसऱ्या सकाळी उतारावर खंदक खणणारे जपानी दिसले, तेव्हा सोबत्यांच्या ब्रेनगनच्या (हलक्या मशीनगनच्या) माऱ्याच्या आडोशाने संगीन लावून पुन्हा एकटाच धावून गेला. चौघांना गोळ्या, एकाला संगीन. परत येताना मात्र चालत आला, आणि तेवढ्यात कुशीत गोळ्या शिरल्या. कंपनी कमांडर डोनाल्ड ईस्टन यांनी त्याला खंदकात ओढून घेतलं. सगळ्यांना संपवलं, हे करण्यासारखंच होतं, अशा अर्थाचं बोलून तो थोड्याच वेळात गेला. वय २९. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. लंडीवरच्या दगडाच्या जुन्या खाणीत त्याचं स्मारक आहे.

आता डीआयएसवर घरं आणि इमारती उभ्या आहेत. तरी जाच. स्मशानभूमीपासून इम्फाळच्या दिशेने पायी निघा, गॅरिसन हिल, कुकी पिकेट, एफएसडी (फील्ड सप्लाय डेपो, रसदीचं कोठार) आणि मग डीआयएस हा टेकड्यांचा क्रम. चढ-उतार आहे, रहदारीचा धूर आहे, फूटपाथ मधेच संपतो, पण टेकड्या एकमेकींच्या किती जवळ आहेत ते चालल्याशिवाय कळत नाही. पन्नास यार्ड म्हणजे काय हे तिथे उभं राहून पाहिलं आणि पोटात गोळा आला.

हार्मनची समाधी मात्र स्मशानभूमीतच आहे. इथे १,४२० समाध्या आहेत. उभे दगड नाहीत, बुटक्या दगडांवर ब्राँझच्या पाट्या आहेत, त्यामुळे नाव शोधत फिरलात तर दिवस जाईल. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावरून प्लॉट आणि ओळ आधीच उतरवून न्या. सगळ्यात वरचं दहनस्मारक चुकवू नका, तिथे ९१७ हिंदू आणि शीख जवानांची नोंद आहे. बहुतेक लोक खाली फोटो काढून निघून जातात, याचं फार वाईट वाटलं. मार्च १९४४मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांना चार-पाच दिवस रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. ते दिवस मिळाले नसते तर कोहिमाला सावरायला वेळच नव्हता. सांगशाकला जायचं असेल, तर मणिपूरची परिस्थिती विचारल्याशिवाय निघू नका.

जवळचं खोनोमा गाव छान आहे, त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. किसामाच्या युद्धसंग्रहालयाला अर्धा दिवस द्या, पण टेकड्या चालून झाल्यावरच. रविवारी शहर बंद असतं, गाड्या मिळत नाहीत. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारतं, म्हणून टेकड्या सकाळी उरका. परतीला दिमापूरहून संध्याकाळचं विमान असेल, तर कोहिमा भल्या पहाटे सोडा. दुपारी निघून विमान गाठता येतं असं सांगणाऱ्याने तो घाट पाहिलेला नाही.