आमची वाटचाल : आधी काटा, मग उंची

इंदूरच्या पोलोग्राउंडच्या मागच्या बाजूला बाबांची शेड होती. एक वेल्डिंग मशीन, एक म्हातारं लेथ आणि दारात कायम एखादी उलटून आलेली ट्रॉली. सांवेर-देपालपूरकडच्या शेतकऱ्यांसाठी बाबा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. मोडकी ट्रॉली आली की चेसिसकडे नंतर बघायचे, आधी विचारायचे, "भरलं काय होतं?" उत्तर बहुतेक वेळा एकच: भुसा. सोयाबीनची पोती लादलेली ट्रॉली दुप्पट जड असूनही सुखरूप मंडीत पोचायची. भुशाची ट्रॉली मात्र, दोन्ही अंगांनी फुगवून दोन पुरुष उंच रचलेली, कालव्याच्या वळणावर आडवी व्हायची. वजनाच्या आकड्यात बाबांना फारसा रस नसे, ते किती उंचीवर बसलंय एवढंच ते बघायचे.

मला त्यात तेव्हा काही विशेष वाटलं नाही. मला जीप आवडायची.

जीपचं काम आमच्याकडे आलं ते कॉलेजच्या पोरांमुळे. २००७ पासून पीथमपूरच्या टेस्ट ट्रॅकवर, ज्याला आता सगळे नॅट्रॅक्स म्हणतात, इंजिनिअरिंगच्या मुलांची बाहा स्पर्धा सुरू झाली. एका सीटची, खाचखळग्यांतून पळणारी बग्गी मुलांनी स्वतः बनवायची, इंजिन सगळ्यांना एकाच मापाचं. पाइप वाकवायला आणि टोकांना फिशमाउथ, म्हणजे दुसऱ्या पाइपावर नीट बसेल असा गोलसर, काप द्यायला ती मुलं आमच्याकडे यायची. पैसे वेळेवर द्यायची नाहीत, ताई वहीत लाल पेनाने नावं लिहून ठेवायची. पण त्यांच्याकडून शिकायला खूप मिळालं. रोलकेजचा, म्हणजे गाडी उलटली तरी आतला माणूस वाचावा म्हणून केलेल्या पिंजऱ्याचा, पाइप 'मजबूत बघून' घ्यायचा नसतो, तो बाहेरून एक इंच, भिंत तीन मिलिमीटर आणि कार्बन किमान ०.१८ टक्के असा सांगून घ्यायचा असतो, हे मला एका एकोणीस वर्षांच्या मुलाने सांगितलं. त्याच्या रिपोर्टात एक रकाना होता: सीजीची उंची. सीजी म्हणजे गुरुत्वमध्य हे शाळेत रामबागेत शिकलो होतो. तो मोजून रकान्यात भरता येतो, हे ठाऊक नव्हतं.

बग्ग्या बघून जीपवाले आले. सियागंजच्या दुकानदारांची मुलं, महूकडचे दोघे-तिघे हौशी, एक डॉक्टर. गाड्या बहुतेक मारुतीच्या जिप्सी. १९८५ सालची ही गाडी, हलकी, साधी, पुढेमागे अख्खा ऍक्सल आणि चारी बाजूंना पट्ट्यांच्या कमानी, म्हणजे लीफ स्प्रिंग. उचलायला, म्हणजे उंच करायला, सोपी. आम्हीही मग सगळे करतात तेच केलं: लांब शॅकल (कमानीचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी), कमान आणि ऍक्सलच्या मध्ये ठोकळे, मोठे टायर. पहिला रोलकेज मी लोहामंडीतून आणलेल्या बी क्लासच्या दीड इंची पाण्याच्या पाइपाचा केला. मीटरला साडेतीन किलोच्या वर भरतो तो. बावीस मीटर लागला, म्हणजे जवळपास ७८ किलो लोखंड, आणि त्यातलं बरंचसं माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. आमचा उस्ताद लांब उभा राहून म्हणाला, "भिया, ये गाड़ी नहीं, मचान है." मी हसून सोडून दिलं. गाडीचे फोटो मात्र झकास आले.

डिसेंबर २०१४ मध्ये ती मचान पडली.

चोरलच्या बाजूला, कोरड्या नाल्याच्या काठाने एक आडवा उतार जातो. फार नाही, पंचवीस अंशांचा असेल. गाडीत डॉक्टरसाहेब आणि त्यांचा मेव्हणा, छतावर कॅरिअर, त्यात डिझेल नाही, पेट्रोल नाही, पाण्याचे दोन कॅन, तंबू, हायलिफ्ट जॅक आणि एक जास्तीचं चाक. सगळं मिळून ऐंशी किलो. मी मागच्या गाडीत होतो. वरच्या बाजूचं पुढचं चाक एका काळ्या दगडावर चढलं, हातभर उंचीही नव्हती त्याची. गाडी क्षणभर तशीच थांबली, जणू विचार करतेय. डॉक्टरांनी घाबरून स्टिअरिंग चढाकडे वळवलं. अशा वेळी तोंड उताराकडे फिरवायचं असतं, पण पहिल्यांदा सगळ्यांचा हात उलटाच जातो. मग ती अगदी सावकाश, पेटी कलंडावी तशी, कुशीवर झाली. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पट्टे लावले होते आणि आमचा जड केज निदान वाकला नाही. पण डॉक्टरांनी उभं राहून कपडे झटकत विचारलं, "तुम्ही हिचा तोल मोजला होता का?" मी मान खाली घातली.

परत आल्यावर बाबांनी नुसतं विचारलं, "छतावर भुसा होता ना?"

मग आम्ही ती जिप्सी मोजायला घेतली. आधी नेली धरमकाट्यावर, जिथे ट्रक तोलतात. पद्धत सोपी आहे. गाडी सपाट ठेवून पुढची-मागची वजनं घ्यायची, मग पुढची चाकं उचलायची आणि मागच्या चाकांवर किती वजन सरकलं ते बघायचं. गुरुत्वमध्य जितका उंच, तितकं जास्त मागे सरकतं. आमच्या गाडीचं कॅरिअरशिवाय वजन १०६० किलो, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३७५ मिलिमीटर. पुढची चाकं ६० सेंटीमीटर उचलली की सरकतं साधारण ४० किलो. आणि धरमकाटा बोलतो दहा-दहाच्या टप्प्याने! दहा किलोची चूक म्हणजे गुरुत्वमध्याच्या उंचीत साडेआठ सेंटीमीटरची चूक. म्हणजे काही मोजलंच नाही म्हणायचं. धान्याच्या दुकानात असतात तसे चार प्लॅटफॉर्म काटे घेतले, एकेका चाकाखाली एकेक. ताईने बिल बघून "आता किराणा विकणार का?" असं विचारलं. आमच्या फर्मची आजवरची सगळ्यात चांगली खरेदी तीच.

मोजताना दोनदा फसलो. पहिल्यांदा कमानी मोकळ्या होत्या, गाडी तिरकी झाली की मागच्या कमानी दबायच्या आणि आकडा बिघडायचा. शॉकअपच्या जागी त्याच मापाच्या लोखंडी नळ्या टाकल्या तेव्हा कुठे जमलं. दुसऱ्यांदा टाकी अर्धी होती आणि पेट्रोल मागे वाहत गेलं. आता टाकी काठोकाठ, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. चाकं मोकळी नसली तर काट्यावर आडवा ताण येतो.

आकडा आला ७० सेंटीमीटर. चाकांची आडवी रुंदी १३० सेंटीमीटर. निम्मी रुंदी भागिले उंची, त्यावरून कोन: कागदावर गाडी ४३ अंशांपर्यंत उभी राहायला हवी. आता छतावर, जमिनीपासून दोन मीटरवर, ऐंशी किलो ठेवा. गुरुत्वमध्य ७९ सेंटीमीटरवर जातो, कोन ३९ वर येतो. चारच अंश गेले म्हणाल. पण कागदावरच्या गाडीला कमानी नसतात, टायर दबत नाहीत. खऱ्या गाडीची उताराकडची बाजू बसते, अंग खाली झुकतं, तिथे पाच-सहा अंश जातात. उरले चौतीसच्या आसपास. आणि नाल्यावर काय होतं? पंचवीस अंशांचा उतार आणि वरच्या चाकाखाली वीसेक सेंटीमीटरचा दगड. दोन्ही चाकं वर चढली असती तर त्याचेच पावणेनऊ अंश. एकाच चाकाचे त्याहून कमी, तरी हिशेब काठाजवळ आला होता, त्यात स्टिअरिंगचा झटका. गाडी पडली नसती तरच नवल.

तीच गाडी पावसाळ्यात त्याच उतारावर पडली नसती, हेही खरं. माळव्याची काळी माती ओली झाली की चाकाला पकडच राहत नाही, गाडी कलंडायच्या आधी घसरते. कलंडायला पकड लागते, नाहीतर ठेच. म्हणून उन्हाळ्यात, कोरड्या मुरमावर आणि बसाल्टच्या दगडांवर, आम्हाला जास्त भीती वाटते.

डॉक्टरांची गाडी आम्ही फुकट दुरुस्त केली. ठोकळे काढून पाच सेंटीमीटर खाली आणली. केज कापून काढला आणि सीमलेस पाइपाचा पावणेदोन इंची, अडीच मिलिमीटर जाडीचा नवा बसवला, वीस किलो तिथेच वाचले. जास्तीचं चाक मागच्या दारावर, पाण्याचे कॅन सीटच्या मागे फरशीवर, पट्ट्याने जखडून. विंचचा, म्हणजे अडकलेली गाडी ओढायच्या चरखीचा, तारेचा दोर काढून सिंथेटिक दोर घातला. बाहेर निघणाऱ्या रिमा घेऊन रुंदी पाच सेंटीमीटर वाढवली. याहून जास्त वाढवा असं लोक म्हणतात, पण त्याची किंमत बेअरिंग मोजते आणि स्टिअरिंग हातात ओढ देतं. टायर मात्र मोठेच ठेवले. मोठ्या टायरने ऍक्सलसकट सगळंच वर जातं हे खरं, पण टायर, रिम, ऍक्सल हे वजन खालीच राहतं आणि ऍक्सलखालची जागा फक्त टायरनेच वाढते. कमानी उचलून ती वाढत नाही. हे गिऱ्हाइकाला पटवायला मला अजूनही अर्धा तास लागतो.

२०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला: कंपनीच्या मूळ बनावटीशी न जुळणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत चालणार नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. हातातली निम्मी कामं त्या महिन्यात परत गेली. मोठी शेड घ्यायचा विचार होता, तो राहिला. तेव्हापासून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आम्ही हात लावतो तो सामानाची मांडणी, खालच्या पत्र्यांचं कवच, अडकलेली गाडी ओढून काढायचे हूक एवढ्यापुरता. खरी कापाकापी फक्त स्पर्धेच्या गाड्यांची, ज्या ट्रेलरवरून जातात आणि ट्रेलरवरून येतात. कमाई घटली, झोप सुधारली.

त्या रिकाम्या दिवसांत बाबांनी एक वस्तू बनवली. त्यांच्या जुन्या डंपिंग ट्रॉलीचा हायड्रॉलिक जॅक कोपऱ्यात पडून होता. तो घेऊन त्यांनी एका बाजूने उचलला जाणारा लोखंडी मंच केला, जीप मावेल एवढा. गाडी मंचावर चढवायची, वरच्या बाजूने साखळ्या ढिल्या बांधायच्या आणि मंच एका अंगाने उचलत न्यायचा. वरच्या दोन्ही चाकांखाली वर्तमानपत्राची पट्टी घातलेली असते. पट्टी ओढली की फाटते, तोवर चाकावर वजन आहे. ज्या क्षणी ती अलगद सुटून येते, तो त्या गाडीचा कोन. कोन मोजायला शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेला नट. डिजिटल मीटर आणून दिला, बाबांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

डॉक्टरांची जिप्सी कागदावर ४५ अंशांची झाली होती, मंचावर ४० ला पट्टी सुटली. आता प्रत्येक गाडीला आम्ही मंचावरचाच आकडा देतो आणि डॅशबोर्डवर एक दोरा आणि नट लावून त्यामागे त्या कोनाच्या दहा अंश आधी लाल रेघ मारतो.

मागच्या आठवड्यात एक तरुण स्पर्धेची जीप घेऊन आला. दुसऱ्या कुठल्या गावात सहा इंच उचलून आणलेली, दिसायला देखणी. मंचावर चढवली. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत, पण पट्टी तेच धरतात, दुसऱ्या कुणाला धरू देत नाहीत. मंच वर जात होता, मुलगा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. एकतीसवर मागची पट्टी सुटली. बाबांनी ती त्याच्या हातात दिली आणि जॅकचा वॉल्व्ह उघडायला वळले.