घागरीच्या शेंगा आणि ठिपक्यांचा वाघपतंग

पतंग बघायचे तर पांढरी चादर लावा, दिवा लावा, हे खरंच. पण अर्जिना अस्ट्रिया, म्हणजे ठिपक्यांचा वाघपतंग, दिव्यावर आला, तरी कळतं एवढंच की तो आला. तो काय खातो आणि त्याला कोण खातं, हे घागरीच्या (क्रोटॅलेरियाच्या) झुडपावरच बघावं लागतं. ब्रिटिश कीटकअभ्यासक ड्रुरीने १७७३ साली या जातीचं वर्णन केलं. आजही फोटो मिळतात ते बहुतेक पतंगाचे, अळीचे फार थोडे.

ओळख सोपी आहे. पुढचे पंख नारिंगी-पिवळे, त्यावर काळे ठिपके आणि ठिपक्यांभोवती फिकट कडं. दिवसाही उडतो.

पाऊस ओसरला की सड्यावर, पुळणीच्या कडेला, रस्त्यालगत घागरी फुलते. याची अळी शेंगा पोखरते, म्हणून हिरव्या शेंगा बघत जा. भोक आणि बाहेर लेंड्या दिसल्या तर शेंग अलगद उघडा. आत मात्र शेंगा पोखरणाऱ्या दुसऱ्या जातींच्या अळ्याही असतात, म्हणून पतंग निघेपर्यंत नाव लिहायची घाई नको. झाडाचाही फोटो घ्या: पान, फूल, शेंग. पिवळी फुलं आणि टोकाशी बोथट साधं पान असेल तर क्रोटॅलेरिया रेटुसा, तीन पर्णिका असतील तर दुसरी जात. नुसतं 'घागरी' लिहिलेली नोंद निम्मीच कामाची.

अळी वाढवायची तर एका बरणीत एकच. अमेरिकेतल्या युटेथैसा ऑर्नाट्रिक्स या नातलगाच्या अळ्या झाडातून मिळणारं विषारी अल्कलॉइड (एक रसायन) कमी पडलं की आपल्याच जातीची अंडी नि कोष खातात. इथे तो धोका कशाला घ्या? बरणीच्या तोंडाला मलमल, तळाला कागद. कागद रोज बदला. कोकणातल्या दमट हवेत घट्ट झाकण लावलं की आत पाणी धरतं, लेंड्यांना बुरशी येते आणि अळी मरते. फांदी पाण्यात ठेवलीत तर बाटलीच्या तोंडाशी कापूस कोंबा, नाहीतर अळी बुडते. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा. अळी खायची थांबून भटकू लागली की सुकी पानं टाका. कोष तिथेच करते.

घागरीतलं हे अल्कलॉइड गुरांच्या यकृताला घातक असतं, तेव्हा उरलेल्या शेंगा गोठ्याकडे टाकू नका.

कधी कोषातून पतंगाऐवजी त्याला आतून खाऊन वाढलेली परजीवी माशीच निघते. ती फेकू नका. अळी मिळाल्याची तारीख, जागा, झाडाची जात आणि माशी निघाल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून माशी कोषाच्या टरफलासकट ठेवा. पतंगाच्या शंभर फोटोंपेक्षा ही नोंद मोलाची.